आठ दिवसांची मुदत

मदर सुपिरियरनी तिला मठात राहून काय ते ठरवायला आठ दिवसांची मुदत दिली, आणि घरी दादानंही तेवढीच दिली. एका स्थळाकडचे लोक होकाराची वाट पाहत होते. माणसं भली होती. मुलगा तर तिलाही आवडला होता. पंचाईत तीच होती. सिस्टर व्हायचं तर हो, नाहीतर लग्न कर, पण दोन दगडांवर पाय ठेवून किती दिवस उभी राहणार, असं दादानं निघताना विचारलं होतं.

ती औषधांच्या दुकानात कामाला होती. डॉक्टरांचं कसलंही अक्षर तिला लागायचं; देव आपल्याला बोलावतोय की नाही, हे मात्र दोन वर्षं लागत नव्हतं.

मठात तिला धुलाईच्या खोलीत पाठवलं. तिथला सगळा कारभार एका म्हातारीच्या हाती होता. डोक्याला फडकं, गळ्यापासून पायांपर्यंत ॲप्रन, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मठातल्या सगळ्या तिला ‘नवी’ म्हणत. सर्वांत जुनं खोड तेच, तेव्हा ही थट्टा असणार, हे कुणी सांगायला नको होतं. प्रार्थनेला नवी शेवटच्या बाकावर बसे. गुडघे कुरकुरत असतील, असं हिला वाटलं.

नवी बोलायला कंजूष, पण कामाला वाघ. ओली चादर दोघींनी कशी पिळायची, कॉलरवर इस्त्री कुठून धरायची, सगळं तिनं हातानंच दाखवलं. हिनं मग हळूहळू मन मोकळं केलं. दादाचं सांगितलं, स्थळाचं सांगितलं. नवी इस्त्री फिरवत ऐकून घेई. सल्ला मात्र एकही दिला नाही.

सहाव्या दिवशी हिनं विचारलंच, “तुम्हाला कधी शंका येत नाही?”

“रोज येते.”

“मग?”

“मग काय. चादरी थोड्याच थांबतात?”

ते उत्तर तिच्या डोक्यातून जाईना. देवाचं पाचारण म्हणजे लख्ख वीज चमकावी तसं काहीतरी, असं ती धरून चालली होती. इथं एक बाई रोजची शंका उशाशी घेऊन जन्म काढत होती, आणि चांगली सुखात होती.

आठव्या दिवशी तिनं दादाला फोन केला आणि स्थळाकडे नकार कळवायला सांगितलं. दादा “जपून राहा” एवढंच म्हणाला. ती जिन्यात बसून पोटभर रडली, तोंड धुतलं आणि मदरच्या खोलीत गेली.

“माझं ठरलं,” ती म्हणाली. “शंका फिटायची वाट आता नाही पाहणार. त्या ‘नवी’ सिस्टरनी शंकेसकटच व्रतं घेतली ना.”

मदरनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“व्रतं? तिनं कुठं घेतली? तुझ्यासारखीच आठ दिवसांसाठी आली होती, चौतीस वर्षांपूर्वी. आज सकाळीच येऊन आणखी आठ दिवस मागून गेली.”