सुटलेली पकड

दुपारी जिन्याच्या वळणावर मागून कुणीतरी वैजयंतीचं तोंड दाबलं आणि तिच्या हातातली भाजीची पिशवी गळून पडली. विचार करायला सवड नव्हतीच. वीस वर्षं ज्युदो शिकवणारं अंग आपसूक वळलं. तोंडाला रुमाल बांधलेला तो माणूस फरशीवर पालथा पडला आणि त्याचं उजवं कोपर तिच्या पकडीत कचकन वाजलं.

त्याने फरशी दोनदा थोपटली. तिचे हात लगेच सुटले. तो धडपडत उठून पळाला.

शेजारच्या काकू बाहेर आल्या. “अगं, हाती लागलेला सोडलास कशाला?”

उत्तर तिला पाणी पिताना सुचलं आणि अंगावर सर्रकन काटा आला. दोनदा थोपटलं की सोडायचं, हे ती क्लासमध्ये पहिल्याच दिवशी शिकवायची. त्यालाही ते ठाऊक होतं.

कुणाचं कोपर सुजलंय हे बघायचंच, असं ठरवून संध्याकाळी ती लवकर क्लासवर पोचली. रोज दार उघडणारा तिचा सर्वांत जुना विद्यार्थी डाव्या हाताने कुलपाशी झटत होता. उजवा खिशात होता.

“या ताई, आज तुम्हीच उघडा,” तो हसला. “बाकीचे यायला अजून अर्धा तास आहे.”