पहिली भाकर

शिल्पा लग्न होऊन अहमदपूरला आली, त्याच आठवड्यात विधवा सासूनं, केवळाबाईंनी, संशय घेतला की सून आपल्याला विष घालणार. तव्यावरची पहिली भाकर त्या शिल्पालाच खायला लावायच्या, स्वतःच्या डोळ्यांसमोर.

"एका घासानं इख कळत न्हाई. आख्खी खा. वरण बी घे."

शिल्पाचा नवरा वैजनाथ चिडायचा. "माय, आम्ही गडीमाणसं ताट घेऊन बसलो अन् ही आधी जेवायली?"

"मंग मी मरू का?"

तो रिकामं ताट घेऊन वाट बघत बसायचा. म्हातारीचं डोकं फिरलंय, असं गल्ली म्हणायची. शिल्पा मान खाली घालून, अपमान गिळत, रोज पोटभर जेवायची. अशी बारा वर्षं गेली.

केवळाबाईंची तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी शिल्पानं सवयीनं पहिली भाकर स्वतःच्या ताटात घेतली.

"आता कशाला?" वैजनाथ म्हणाला. "आधी आम्हाला वाढ."

नवरा जेवला, दोन्ही दीर जेवले, पोरं जेवली. तीन वाजता शिल्पानं टोपलं उघडलं. आत अर्धी भाकर उरली होती.

तेरा दिवसांत न आलेलं रडू तिला तेव्हा आलं.