एकही तक्रार नाही

दोन चष्मे. दोन चार्जर.

मनगटावर दवाखान्याची पट्टी, पायांत बूट.

जिना चढताना लागणारी धाप. तिला तो वय म्हणायचा.

ऑफिसच्या मेलमधला एक कप्पा, कधीच न उघडलेला.

फोन. त्यावर एकही मिस्ड कॉल नाही.

तो पलंगाच्या काठावर बसला होता, घरी निघायच्या तयारीत. ऑफिसने केलेल्या तपासणीत हृदयाचा आलेख बिघडलेला निघाला, म्हणून त्याला इथे आणून टाकलं होतं. दुखत तर काहीच नव्हतं. बायकोने आल्या आल्या काढून घेतलेला फोन आज परत मिळाला. आपल्यावाचून तिकडे हाहाकार माजला असणार, अशी त्याची खात्री होती. कसला हाहाकार! कुणी काळं कुत्रंही फिरकलं नव्हतं.

"तुझ्यावाचून ऑफिसचं अडलं नाही, म्हणून तोंड पाडून बसलायस होय?" बायको म्हणाली.

"अडणारच नाही. तिथली कॉम्प्युटरची यंत्रणा मी उभारलीय." त्याने छाती फुगवली. सध्या त्या छातीचाच काही भरवसा नसताना.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्याने बायकोला ते सगळं समजावलं होतं. ती तरीही राहिली. सर्व्हरच्या, म्हणजे ऑफिसचं काम चालवणाऱ्या मोठ्या कॉम्प्युटरच्या, पोटात माहिती ठेवायचीच नाही. ती वेगळ्या कपाटात, डिस्कच्या चळतीत. सर्व्हर आणि कपाट यांच्यामध्ये फक्त माहितीच्या ये-जासाठी स्वतंत्र जाळं. त्यात प्रत्येक सर्व्हरला दोन वाटा: लाल केबल एका स्विचमधून, म्हणजे केबली जोडणाऱ्या पेटीतून, निळी दुसऱ्यातून. एक वाट बंद पडली की वाहतूक गुपचूप दुसरीवर. कुणाला पत्ताही लागत नाही. याच विषयावरच्या भाषणात या वाक्यावर तो जरा थांबायचा, टाळ्यांसाठी.

डॉक्टरबाई आल्या. बूट पाहून त्यांची भुवई वर गेली.

"निघालात वाटतं? तुमच्या हृदयाची एक रक्तवाहिनी कधीच बंद पडलीय. भार दुसरीने उचलला, म्हणून तुम्हाला पत्ता लागला नाही. आता तीही बुजत आलीय. उद्या सकाळी ऑपरेशन."

या वेळी टाळ्यांसाठी कोणी थांबलं नाही.

त्याने एक बूट काढला. मग त्याचा हात तसाच हवेत राहिला. स्विच बंद पडला तर इशाऱ्याचा मेल येतो. पण असे मेल उठसूट येतात, म्हणून ते परस्पर एका कप्प्यात पडतील अशी सोय त्याने स्वतःच करून ठेवली होती. दीडशहाणा! त्याने ऑफिसला फोन लावला.

"सर, तुम्ही आराम करा हो," सहकारी बाई म्हणाल्या. "इकडे सगळं झकास चाललंय. एकही तक्रार नाही."

"म्हणूनच जा," तो म्हणाला. "मशीनच्या खोलीत जा आणि दोन्ही स्विच डोळ्यांनी बघा. मी फोन धरून आहे."

पलीकडून दार उघडल्याचा आवाज आला, मग पंख्यांची घरघर. बायकोने खाली बसून त्याच्या दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. त्याने पाय पुढे केला.

लाल वाटेवरचा स्विच तो दवाखान्यात यायच्या आदल्या रविवारीच बंद पडला होता.