उतरलेला ताप

लॅबमधला टेक्निशियन डेंग्यूचा रिपोर्ट हातात देताना प्रत्येकाला बजावायचा, "ताप उतरला म्हणून हुरळून जाऊ नका. हा विषाणू आपल्या राखणदार पेशींतच शिरून वाढतो. मग रक्तवाहिन्या पाझरतात, रक्त दाट होतं. हातपाय गार पडले, तर तसंच उचलून आणा."

आज सकाळी पाचव्या दिवशी त्याच्या मुलीचा डेंग्यूचा ताप उतरला. तपासणीसाठी त्याने घरीच तिचं रक्त काढलं. "बाबा, दंडावरचा पट्टा किती वेळ आवळून ठेवता! पेशंट असते तर भांडले असते," ती कुरकुरली होती.

लॅबमधल्या मशीनने तिच्या रक्ताच्या दाटपणाचा आकडा भलताच चढलेला दाखवला, तेव्हा त्याला तेच आठवलं. पट्टा जास्त वेळ राहिला की आकडा फुगतो, हे त्याला विसाव्या वर्षापासून पाठ होतं. चूक आपलीच, असं म्हणत त्याने तो आकडा खोडला, संध्याकाळी पुन्हा रक्त घ्यायचं ठरवलं आणि इतरांचे नमुने लावायला घेतले.

दुपारी बायकोचा फोन आला.


"अहो, आता काळजी सोडा. शांत झोपलीये, हाक मारली तरी उठत नाही. तापाचं तर नावच नाही, हातपाय कसे छान गार पडलेत."