हलू नका

"माणसाचं दुसरं हृदय त्याच्या पोटरीत असतं!" संशोधिकेने जाहीर केलं. आवाज असा लागला होता, जणू समोर अखिल मानवजात बसली आहे. समोर होते एक निवृत्त मुद्रितशोधक, आणि ते पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळण्याच्या खटाटोपात होते. एका मोज्यातून त्यांचा अंगठा बाहेर डोकावत होता.

"निरोगी आहात ना, आजोबा?"

"ठणठणीत."

"आणि प्रौढ? आम्हाला निरोगी प्रौढच हवेत."

मुद्रितशोधकांनी बाकावर बसलेल्या बायकोकडे पाहिलं.

"प्रयत्न चालू आहेत," ती म्हणाली.

तीही तपासणीलाच आली होती. जन्मभर शाळेत शिकवलं, पण फळ्याचा वरचा कोपरा पुसायला तिला कधी खुर्ची लागली नाही. पोरं तिला शिडीबाई म्हणायची. तोंडावर नाही, पण शिडीला खालचं सगळं ऐकू येतंच.

परीक्षा सोपी होती. अनवाणी एका पायावर उभं राहायचं. तोल जाऊ नये म्हणून बोटांची टोकं भिंतीला. यंत्र टिक करेल तशी टाच उचलायची आणि डोकं वर ताणलेल्या दोरीला लावायचं. गुडघा मात्र ताठ. गुडघा वाकला की खेळ खलास.

मुद्रितशोधक सुरू झाले. टिक, वर. टिक, खाली. संशोधिकेचा चहा निवून गेला. शेजारच्या खोलीतले लोक येऊन बघून गेले. शेवटी यंत्राचा सेल संपला, पोटरी नाही.

"आजोबा, नाचाच्या कंपनीत होतात का?"

"छापखान्यात. खुर्चीत बसून लोकांच्या चुका काढायचो."

"मग डोंगर चढायचात?"

"घर तळमजल्यावर होतं."

"अहो, मग ही पोटरी आली कुठून?"

मुद्रितशोधकांनी बाकाकडे पाहिलं. शिडीबाई वाकून बुटांच्या नाड्या सोडत होत्या. तेवढ्यात ते हळूच म्हणाले, "तुला म्हणून सांगतो. लग्नाच्या दिवशी आम्ही फोटो काढायला गेलो. मागे पडद्यावर तळं, तळ्यात दोन बदकं. फोटोवाला म्हणाला, नवरीला खुर्चीत बसवू या. मी म्हटलं, का म्हणून? उभी राहील. आणि टाचा उचलल्या. त्याने काळ्या कापडात डोकं घातलं ते घातलंच, बाहेर येईना! पण फोटोत मी हिच्यापेक्षा बोटभर उंच आलो."

"अय्या! मग?"

"मग काय, फोटो बाहेरच्या खोलीत लागला. येणारा-जाणारा बघणार. आता खाली कसं यायचं? शाळेच्या संमेलनात, नाटकाच्या रांगेत, मुलीला सोडायला स्टेशनवर, हिच्या शेजारी उभा राहिलो की टाचा वर. हिला पत्ता नाही. तेवढं तोंडातून काढू नकोस."

नवा सेल घातला गेला. शिडीबाईंसाठी दोरी सोडून बरीच वर बांधावी लागली. मुद्रितशोधक त्या वेळी खिडकीबाहेर बघत होते.

मग ते धीर द्यायला बायकोशेजारी येऊन उभे राहिले.

टिक.

"आजी, गुडघा वाकला."

"बाई म्हण. आणि वाकला कुठे? ताठ आहे की."

सगळ्यांनी खाली पाहिलं. गुडघा वाकलेला होता. शिडीबाईंनी तो सरळ केला, पण पुढच्या टिकला तो पुन्हा वाकला. न सांगता, सवयीने, जुनं दार आपसूक लोटलं जावं तसा.

"जोर लाव!" मुद्रितशोधक आणखी जवळ सरकले. गुडघा आणखी वाकला.

संशोधिकेने एकदा गुडघ्याकडे पाहिलं, एकदा आजोबांकडे. "आजोबा, तुम्ही जरा त्या कोपऱ्यातल्या पडद्यामागे जाता?"

ते गेले. गुडघा खाडकन ताठ. टिक, वर. टिक, खाली. डोकं दर वेळी दोरीला.

"जमलं का गं?" मुद्रितशोधक पडदा सारून तिच्याजवळ आले.

गुडघा वाकला. आणि संशोधिकेला दिसलं, की आजोबांच्या दोन्ही टाचा जमिनीपासून चांगल्या वर आहेत. तिने यंत्र बंद केलं.

"बाई, हे कधीपासून?"

"फोटोवाल्याने सांगितलं होतं, हलू नका," शिडीबाई म्हणाल्या.

खोलीत टिकटिक नव्हती. आयुष्यभर मुद्रितशोधकांनी दुसऱ्यांची अक्षरं तपासली होती. बाहेरच्या खोलीतला फोटो मात्र तपासायचा राहिला होता.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"तुमचे बूट चांभाराकडे कोण न्यायचं? तळवे फाटलेले आणि टाचा कोऱ्या. तो बिचारा विचारायचा, साहेब उडतात का?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढे छान दिसत होतात."

बराच वेळ दोघंही हलले नाहीत. मग शिडीबाईंनी गुडघे सरळ केले. आधी डावा, मग उजवा. त्या उंच होत गेल्या, होतच गेल्या. मुद्रितशोधकांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं, फोटोतल्या त्या तळ्याकाठी उभं राहून पाहावं तसं. आणि भिंतीला हात लावून त्यांनी सावकाश टाचा टेकवल्या.

टेकताक्षणी त्यांचा चेहरा पिळवटला. संशोधिका धावली. शिडीबाईंनी दंड धरला.

"काय झालं हो?"

"काही नाही गं," ते दात आवळून म्हणाले. "जरा खाली बसतेस का? पोटरीत गोळा आलाय, चोळून दे."