कंसातला संसार

सुनेने बटण दाबलं आणि बाबांचं अख्खं आयुष्य एका ओळीत आटोपलं.

"माझा जन्म सोमवारी पहाटे झाला व तो पूल आजही भक्कम उभा आहे." पडद्यावर एवढंच उरलं होतं. तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिच्या खुर्चीला हात टेकून मागे सासरेच उभे होते. ते निवृत्त इंजिनियर. हयात पूल बांधण्यात गेली, आणि निवृत्तीपासून लिहीत आणलेलं आत्मचरित्र आज संध्याकाळी छापायला जायचं होतं.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "माझे पूल कुठे गेले?"

पुस्तक संपादकांना पसंत होतं. अडचण एकच होती. बाबांना सरळ लिहिताच येत नसे. दोन वाक्यं झाली की कंस उघडायचा, आणि एकदा उघडला की तो कुठे मिटेल याचा नेम नाही. "कंस आणि कंसातलं सगळं आजच्या आज काढून टाका, नाहीतर पुस्तकाचं विसरा," असा सकाळी निरोप आला. हाताने काढायचं तर आठवडा गेला असता. सून प्रोग्रामर होती. तिच्या नोकरीला बाबा 'कॉम्प्युटरवर बसणं' म्हणत. आज त्यांना काय ते दाखवूनच द्यायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

दाखवून झालं होतं. तिने यंत्राला एका ओळीची सूचना दिली होती: उघडणारा कंस, मधलं काहीही, बंद होणारा कंस; सापडेल तिथे पुसून टाक. बाबांचे कंस परिच्छेदच्या परिच्छेद ओलांडून जात, म्हणून ओळ संपली तरी थांबू नकोस, असंही तिनेच बजावलं होतं. पण असल्या सूचना जात्याच हावरट. 'मधलं काहीही' म्हटलं की मावेल तेवढं गिळतात. पहिल्या पानावरच्या पहिल्या कंसापासून शेवटच्या पानावरच्या शेवटच्या कंसापर्यंत एकच घास झाला. रोज हेच काम करणारी बाई, आणि चूक नवशिक्याची. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मूळ प्रत आहे, बाबा," ती घाईघाईने म्हणाली, आणि सूचनेत एक प्रश्नचिन्ह घातलं.

"हे कशाला?"

"आता पहिला बंद कंस दिसला की ते थांबेल. हावरटपणा करणार नाही."

"नुसत्या प्रश्नचिन्हाने?" बाबा हळहळले. "आमच्या ठेकेदारांना लावायला हवं होतं."

या वेळी जमलं. एकामागून एक सगळे पूल जागेवर उभे राहिले. बाबांनी चार पानं वाचली आणि सुनेच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! याला म्हणतात काम." तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आई, म्हणजे सासूबाई, पलीकडे बसून धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत होत्या. "बघू तरी," म्हणत त्यांनी चष्मा चढवला आणि हातातल्या मोज्यासकट सुनेने उठून दिलेल्या खुर्चीत येऊन बसल्या. भराभर वाचत त्या शेवटापर्यंत गेल्या.

"छान आहे हो," त्या म्हणाल्या. "पण या माणसाचं लग्न झालं होतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे मी कुठे आहे?"

सुनेने शोधलं. 'पत्नी' हा शब्द पुस्तकात एकदाही नव्हता. मग तिने मूळ प्रत उघडली. आई तिथे जागोजागी होत्या. "(सोबत पत्नी होती.)" "(पत्नीचा या बदलीला विरोध होता. तिचेच बरोबर निघाले.)" सिमेंटच्या टंचाईवरच्या प्रकरणात "(याच सुमारास मुलगा झाला.)" हा मुलगा म्हणजे सुनेचा नवरा. तिने ओठ दाबून हसू आवरलं.

"अगं, कंस काढायला संपादकांनीच सांगितलं," बाबा म्हणाले.

"काढायला त्यांनी सांगितलं. मला कंसात घातलं कोणी?"

आई सुनेकडे वळल्या. "तुझ्या त्या सूचनेला उलटं जमतं का गं? कंसातलं ठेवायचं आणि बाहेरचं काढायचं?"

"जमतं की," सून म्हणाली, आणि बाबांकडे न बघता तिने बटण दाबलं.

बाबा हरकत घ्यायला पुढे वाकले. वाचू लागले. मग त्यांनी स्टूल ओढून घेतलं. पूल गेले होते आणि पानापानातून भलताच माणूस बोलत होता. "(मला उंचीची भीती वाटते. पत्नीखेरीज कोणाला ठाऊक नाही.)" सून खुदकन हसली. या खेपेला तिने हसू आवरलं नाही. बाबांचे कान लाल झाले.

पुढचं आईंनीच मोठ्याने वाचलं. "(मुलाला गोवर आल्याने उद्घाटनाला पत्नी येऊ शकली नाही. तिची खुर्ची मी कोणाला दिली नाही. मंत्री उभे राहिले.)"

त्या थांबल्या. हातातल्या मोज्यानेच चष्मा पुसू लागल्या. "हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"चारचौघांत सांगण्यासारखं वाटलं नाही," बाबा खाली बघत म्हणाले. "म्हणून कंसात लिहिलं."

तेवढ्यात फोन वाजला. संपादकच होते. बाबांनी घसा साफ केला.

"हो, तयार आहे. आत्ता पाठवतो," ते म्हणाले, आणि आईंकडे बघितलं. "थोडासा बदल केलाय. कंस ठेवलेत. पूल काढून टाकले."