बिनफोडणीची डाळ

देवासमध्ये दारोदार सरकारी सोलर कुकर खपवणारे पागनीससाहेब अकरा वाजता प्रेमलाच्या गच्चीवर आले, ते हॉटेलचा डबा घेऊनच. बाराला भोपाळचे सचिव कुकरमधली डाळ चाखायला येणार होते. कॉलनीत बाकीच्यांच्या कुकरात कांदे-बटाटे असत. रोज रांधणारं हे एकच घर.

"वहिनी, तुमची डाळ काढा आणि ही त्यात ओता. फोडणी मुद्दाम घालू दिली नाही, संशय नको."

"अहो, माझी नऊपासून उन्हात आहे. शिजत आली असेल."

"आज रिस्क नी लेने का, वहिनी!" साहेब हसले आणि हार आणायला खाली पळाले.

दिवाळीत याच माणसाने खाली तिच्या दारात छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "वहिनी, गॅसचा नंबर लावायचं विसरून जाल." आणि ती वेडी, खरं मानून बसली होती. प्रेमलाने डब्याकडे बघून नाक मुरडलं आणि कुकरचा आरसा जरासा उन्हाकडे वळवला.

सचिवांनी दोन वाट्या डाळ ओरपली. "वाह, पागनीसजी!" पाठ थोपटली गेली, फोटो निघाले, जीप गेली.

"हॉटेलवाल्याने लाज राखली बघा," साहेबांनी घाम पुसला.

प्रेमलाने त्यांचा डबा त्यांच्या हातात ठेवला. तो भरलेलाच होता, कडीसुद्धा उघडलेली नव्हती.

साहेबांनी डब्याकडे पाहिलं, मग कुकरकडे.

"म्हणजे... यात खरंच शिजतं?"